नाथाजी वस्ताद आणि वासाचं तेल

नाथाजी वस्ताद आठ वर्षं तालमीत बंडी घालून उभे राहत होते. कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरायचं तर अंगावर लंगोटाशिवाय चिंधी नको, हा त्यांच्या चुलत्यांनी घालून दिलेला नियम. तो मोडणाऱ्याला नाथाजींनी कधी माफ केलं नाही. पण ते स्वतः हौदात उतरायचे थांबले होते, काठावरून डाव सांगायचे, आणि काठावरच्या माणसाला बंडी चालते. साठी उलटली तशी त्यांची छाती ओघळली होती. मेहनत सुटलेल्या पैलवानाची ओघळतेच. ती तालमीतल्या कुणी पाहिलेली नव्हती.

वय अडुसष्ट. कुंडलपासून सहा किलोमीटरवरच्या गावात अडीच एकर रान, सतरा वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून झालेली निवृत्ती, आणि चुलत्यांकडून आलेली तालीम. तालीम म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, मध्ये चौदा बाय चौदाचा मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती. सोळा पोरं येतात, त्यांतली पाच बाहेरगावची, तिथंच राहणारी. नाथाजी कमी बोलतात. जे बोलतात ते गावात चार दिवस फिरतं. आपल्या जिभेला धार आहे हे त्यांना माहीत होतं, आणि गेल्या माघापर्यंत त्याचा त्यांना अभिमान होता.

तेल घरात आलं ते सुनेमुळं. दीपमाला मेढ्याकडची, रसायनशास्त्रात पदवी घेतलेली. चार वर्षांपूर्वी तिनं उसातली तीस गुंठे जमीन मोकळी करून घेतली आणि जिरेनियम लावलं. पाला कापायचा, भट्टीत भरायचा, खालून वाफ सोडायची. वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा पातळ थर येतो. वास गुलाबाच्या जवळचा, पण जास्त हिरवा. साबण-अत्तरवाले ते घेऊन जातात.

"टनभर पाला उकळून किलोभर त्याल," पहिल्या कापणीला नाथाजी म्हणाले होते. "ह्याला शेती म्हंत्यात व्हय? ह्यो तर म्हसरांच्या तोंडचा घास शिजवायचा परकार."

कधी कधी तेल गढूळ निघे. ते विकलं जात नसे. दीपमाला ते बरणीत घालून घरी ठेवी. नाथाजींचा गुडघा धरला तेव्हा तिनं त्यातलं थोडं त्यांना दिलं आणि सांगितलं, "मामा, तिळाच्या तेलाच्या बाटलीत दहा थेंब घाला. जास्त नको. कडक असतंय हे."

गुडघा सुटला. तेलानं सुटला की उन्हाळा लागला म्हणून, ते कुणी तपासलं नाही. नाथाजींनी बरणी उचलून तालमीत नेली. दहा थेंब त्यांना पटले नाहीत. जोर काढायचे तर हजार, बैठका मारायच्या तर दोन हजार, दूध प्यायचं तर शेर. तालमीत थेंबानं काही मोजत नाहीत.

"थेंबानं काय व्हतंय रं," ते पोरांना म्हणाले, "मुरमात पाणी वतल्यागत." आणि बाटलीत ओंजळभर ओतलं.

हौदाच्या मातीला ताक, हळद, लिंबू, कापूर आणि तिळाचं तेल घालायची रीत जुनी आहे. माती मऊ राहते, खरचटलं तर चिघळत नाही. नाथाजींनी त्या रीतीत जिरेनियमची भर घातली. पंधरा दिवसांत तालमीचा घामट वास गेला. आष्ट्याहून एक जुने पैलवान आले होते, ते दारातच थांबून म्हणाले, "आयला नाथाजी, तालीम हाय का लगीनघर?" नाथाजी आठवडाभर तेच वाक्य सांगत फिरत होते.

त्या तेलानं सगळ्यांत जास्त रगडलं गेलेलं पोरगं म्हणजे विश्वजित. तो नाथाजींचा सर्वांत लाडका होता, म्हणून.

विश्वजितचा बाप बिराप्पा जतच्या पुढचा धनगर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तो कृष्णाकाठाला उतरायचा, आणि दरवर्षी चार रात्री नाथाजींच्या रानात मेंढरं बसवायचा. लेंडीखत रानाला, ज्वारी बिराप्पाला, असा जुना व्यवहार. पोराची शाळा मेंढरांमागं तुटत होती. पोरगं आठ वर्षांचं असताना बिराप्पानं त्याला तालमीत आणून सोडलं. वर्षभरात पोरगं असं तयार झालं की, नाथाजी आपल्या हातानं त्याला मालिश करू लागले, रोज सकाळी आणि संध्याकाळी. हा मान तालमीत दुसऱ्या कुणाला नव्हता. शिवाय लहानांनी मोठ्यांचं अंग रगडायचं ही तालमीची शिस्त, त्यामुळं विश्वजितचे हात दिवसभर त्याच तेलात असत. बाकीच्या लहान पोरांना तेल लागे ते रविवारी.

पौषात विश्वजित बनियन काढायला कुचराई करू लागला. आधी थंडी वाजते म्हणाला. मग खांदा दुखतो म्हणाला. माघातल्या एका शनिवारी संध्याकाळी तो बनियन घालूनच हौदाच्या कडेला उभा राहिला.

"काढ," नाथाजी म्हणाले.

"आज नगं, वस्ताद."

"का? सासरी आलायस?"

पोरं हसली. विश्वजित जागचा हलला नाही. नाथाजींनी दोन पावलं टाकली आणि बनियनचा काठ धरून ते त्याच्या डोक्यावरून उपसून काढलं. पोरानं दोन्ही हात छातीवर घेतले. नाथाजींनी ते हातही बाजूला केले. दोन्ही स्तनाग्रांखाली आवळ्याएवढी सूज होती, डावीकडं जरा जास्त.

तालमीत यावर एक जुनी समजूत आहे. पोराच्या छातीत असं काही आलं की ते वाईट सवयीचं, लंगोट सैल सुटल्याचं लक्षण. पोरगं दहा वर्षांचं आहे, हा विचार नाथाजींच्या मनात आला नाही. त्यांच्या मनात एवढंच आलं की, ज्याच्यावर आपण दोन वर्षं हात झिजवले, त्यानं आपलं नाक कापलं.

"ह्याला लंगोट नगं," ते म्हणाले. "चोळी शिवा रं ह्याला."

तालीम हसली. पंधरा पोरं, दारात उभे असलेले दोघे-तिघे, सगळे. दादासो नावाचा थोराड पोरगा तर हसता हसता हौदात बसला. विश्वजितनं बनियन उचललं, उलटं घातलं आणि तो मागच्या खोलीत गेला.

नाथाजींनी बिराप्पाला फोन केला. "पोरगं बिघडलंय. येऊन घिऊन जा."

बिराप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. काय बिघडलं ते त्यानं विचारलं नाही. कदाचित विचारायची भीती वाटली असेल. डोक्याचा पटका काढून त्यानं नाथाजींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "वस्ताद, माझ्या पोराचं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या." नाथाजींनी पाय मागं घेतले नाहीत. पुढं त्यांना जे आठवत राहिलं त्यात चोळीचा शब्द होता, पण त्याच्याही आधी हे आठवायचं. त्या माणसाचं डोकं आपल्या पायांवर होतं, आणि आपण ते राहू दिलं.

महिन्याभरानं दीपमालाच्या फोनवर विश्वजितच्या आईचा, अंजनाचा फोन आला. पोरगं घराबाहेर निघत नाही, शाळेत जात नाही, उन्हातही अंगात जाड जर्किन घालून बसतं, हे तिनं सांगितलं. कसंबसं समजावून त्याला सांगलीला दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, याला कुठलं औषध चालू आहे का, अंगाला काय लावता, साबण कुठला, तेल कुठलं.

"वैनी," अंजना म्हणाली, "ती म्हंती वासाच्या त्यालानं कवा कवा आसं हुतंय म्हनं. तुमच्या तालमीतलं त्याल कसलं हाय? तेवढं सांगा. भांडायला फोन न्हाई केला."

दीपमालानं फोन ठेवला आणि सरळ तालमीत गेली. बाई माणूस तालमीत पाऊल टाकत नाही. ती उंबऱ्यापाशी थांबली. "मामा, बरणी द्या."

बरणी तळाला गेली होती. दहा थेंबांच्या हिशेबानं ती वीस वर्षं पुरली असती.

दीपमालाची धाकटी बहीण शिवांजली साताऱ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. पेशी वाढवणं आणि त्यांच्यावर निरनिराळी द्रव्यं घालून पाहणं हेच तिचं काम. दीपमालानं उरलेलं तेल तिला पाठवलं. चैत्राच्या अखेरीस तिचा निरोप आला तेव्हा नाथाजी म्हणाले, "मीबी येतो." तेल निर्दोष निघेल अशी त्यांना आशा होती. हे त्यांनी नंतर स्वतः कबूल केलं.

प्रयोगशाळेत त्यांना चपला काढून पांढरा अंगरखा घालायला लावला. शिवांजलीनं तळहाताएवढी प्लॅस्टिकची ताटली दाखवली, तिला शहाण्णव बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात पेशींचा थर, डोळ्यांना न दिसणारा.

"आबा, तुम्हाला तालमीच्या भाषेत सांगते," ती म्हणाली. "शरीरातलं संप्रेरक म्हणजे रक्तातनं फिरणारा हुकूम. तो पेशीला कळायला पेशीत एक जागा असते. तिथं त्याची पकड बसली पाहिजे. बाईच्या संप्रेरकाची जागा वेगळी, पुरुषाच्या संप्रेरकाची वेगळी. झाडापाल्याच्या सुगंधात काही रेणू असे असतात की ते बाईच्या संप्रेरकासारखे नाहीत, पण तिथं थोडी पकड घेऊ शकतात. काही रेणू पुरुषी संप्रेरकाला त्याच्या जागेवर नीट पकड घेऊ देत नाहीत."

"आन् हे दिसतंय कसं?"

"पेशीत काजव्याचं जनुक घातलंय. पकड बसली की पेशी उजेड देते. मशीन तो उजेड मोजतं."

तिनं कागद पुढं केला. नुसत्या तिळाच्या तेलाच्या खळग्यांत उजेड जवळजवळ नव्हता. खऱ्या संप्रेरकाच्या खळग्यांत भरपूर. जिरेनियमच्या खळग्यांत या दोन्हींच्या मधला. खऱ्याच्या मानानं बराच कमी, पण तिळाच्या तेलापेक्षा उघड जास्त. आणि तेल जितकं जास्त घातलं, तितका उजेड वाढत गेलेला.

नाथाजींनी त्या चढत्या आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हंजी वतलं की वाढतंय."

"या ताटलीत तरी वाढतंय."

"ह्या पेशी कुणाच्या?"

"एका बाईच्या. छातीचा कॅन्सर झाला होता तिला. ती जाऊन कैक वर्षं झाली, पेशी अजून वाढवतात."

नाथाजींनी बोट उचललं. शिवांजलीनं मग ते सांगितलं जे सांगणं तिला भाग होतं. ताटलीत घडतं ते अंगात घडेलच असं नाही. कातडीतून किती आत जातं, यकृत त्याचं काय करतं, हे ताटली सांगत नाही. अशा चाचण्या लॅव्हेंडर आणि टी ट्रीच्या तेलांवर जास्त झाल्यात. जिरेनियमशी त्यांतले काही रेणू जुळतात, सगळे नाहीत. पोरांची सूज तेल बंद केल्यावर उतरल्याची थोडी उदाहरणं आहेत. तज्ज्ञांत वाद आहे. कारण नसतानाही अशी सूज येऊ शकते. "विश्वजितला तेलानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही, आबा. नाही झालं असंही नाही."

संध्याकाळी ते साताऱ्याहून परतले.

घरी मुलगा ऋषिराज वाट बघत होता. भट्टीचं काम तोच बघतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग झालं तर. पक्कं न्हाईच म्हणत्यात की. आबा, तुमी कशाला आपनहून गळ्यात अडकवून घेताय? त्याल बंद करा, गप बसा. सूज उतरंल, पोरगं इसरंल."

"व्हय," नाथाजी म्हणाले. त्यांना ते ऐकायला बरं वाटलं.

दीपमाला पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "तेलाचं पक्कं नाही, मामा. चोळीचं तर पक्कं हाय नव्हं?"

नाथाजींनी ताटावरून हात मागं घेतला. चोळीचं दीपमालाला ठाऊक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे ते गावातल्या बायकांपर्यंत गेलं होतं. त्यांचं बोलणं गावात टिकतं, ते इथंही टिकलं होतं.

दोन दिवसांनी ते एकटेच एसटीनं जतला गेले, तिथून वडापच्या जीपनं बिराप्पाच्या वस्तीवर. वैशाखाचं ऊन. बिराप्पानं लिंबाखाली घोंगडं अंथरलं, अंजनानं पाण्याचा तांब्या दिला, मग चहा. कुणी काही विचारलं नाही. हा मान नाथाजींना सोसवेना. विश्वजित आत होता. दारातून जर्किनची एक बाही दिसत होती.

"बिराप्पा," नाथाजी म्हणाले, "माझं चुकलं. पोराचं कायबी वाकडं न्हाई. त्याल माझं, वतलं मी, आन् वर जीभबी मीच सोडली." ते दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का रं?"

बाही आत गेली.

बिराप्पा काडीनं जमीन उकरत होता. मग म्हणाला, "वस्ताद, तुमी आला, लय झालं. पर एक बोलू का? राग नगा मानू."

"बोल."

"हितं आमी कोन हसलोय? तुमी हितं चुकलं म्हंताय. हसली ती तिकडं."

अंजना चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "रातीला झोपंत बरळतंय त्ये. 'आव्वा, चोळी नगं' म्हंतंय मला."

नाथाजींनी चहाची कपबशी खाली ठेवली. "शनवारी घिऊन ये त्याला," ते बिराप्पाला म्हणाले. "आला तर. ओढून नगं आनू."

शनिवारपर्यंतचे चार दिवस त्यांनी जे केलं ते तालमीत कुणाला कळलं नाही, कारण त्यांनी काहीच केलं नाही. ओट्यावर बसून राहिले. शब्द जुळवून पाहिले, सगळे खोटे वाटले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. पलटणीत ती वरच्याकडं मागतात, तालमीत वस्ताद कुणाकडंच मागत नाही. एकदा वाटलं, माती बदलू, तेल चुकीचं होतं म्हणू, आणि तेवढ्यावर भागवू. ते खोटं नसतं झालं. पण दीपमालाचं लाटणं त्यांना ऐकू येत होतं.

शनिवारी संध्याकाळी पोरं जमली. मारुतीला तेल-शेंदूर झाला. बिराप्पा दाराबाहेर चपलांपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या मागं विश्वजित, शर्टावर जर्किन, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. दादासोनं त्याला पाहिलं आणि शेजारच्याला कोपर मारलं.

नाथाजींनी ते पाहिलं. ते हौदाच्या काठावर उभे राहिले आणि बंडीचे बंद सोडू लागले. एक गाठ बसली ती सुटेना. शेवटी त्यांनी बंडी डोक्यावरून ओढून काढली आणि खुंटीला टांगली.

आठ वर्षांनी वस्तादांचं अंग तालमीनं पाहिलं. खांदे अजून होते. छाती दोन्हीकडं खाली लोंबली होती, पांढऱ्या केसांची, मऊ.

"बघा," नाथाजी म्हणाले. "नीट बघा. दादासो, तू फुडं यी. बघितलंस? मग हस की. त्या दिशी हौदात बसून हसलास, आज का बसंना?"

दादासो खाली बघू लागला.

"ही मी आठ वरसं झाकून हिंडतोय, आन् त्या ल्हान पोराची माज्या हातानं उघडी केली. त्यो बिघडला न्हवता. त्याच्या छातीत आलं ते माझ्या त्यालानं आलं आसंल. डाक्टर म्हंत्यात, आसंल. नसंलबी. पर मी बोललो त्ये त्यालानं न्हाई बोललो. त्ये माजं मीच बोललो. आन् तुमी हसला त्ये माझ्यामुळं हसला."

ते दाराकडं वळले. "विश्वजित, मी चुकलो. ह्या समद्यांम्होरं सांगतोय."

मग त्यांनी खोरं घेतलं आणि हौदात उतरले. माती उकरून घमेल्यात भरू लागले. दोन घमेली त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेऊन टाकली, तिसऱ्याला दादासोनं न सांगता हात घातला. मग सगळेच लागले. अंधार पडायच्या आत हौद रिकामा झाला. दारातून जाणाऱ्या प्रत्येक घमेल्याला जिरेनियमचा वास येत होता. बिराप्पा उठून बाजूला झाला, पण गेला नाही.

नव्या मातीत ताक, हळद, लिंबू आणि तिळाचं तेल एवढंच पडलं. आता तालमीला पुन्हा घामाचा वास येतो. आष्ट्याचे पैलवान येऊन गेले, काही बोलले नाहीत.

विश्वजित जूनमध्ये शाळा उघडताना परत आला. सूज बरीच उतरली होती. तेल थांबल्यानं की आपोआप, ते सांगलीच्या बाईंनीही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तो हौदाच्या काठावर बनियन घालून उभा राहिला. पोरांनी वस्तादांकडं पाहिलं. चुलत्यांचा नियम सगळ्यांना पाठ होता.

नाथाजी हौदात उघड्या अंगानं उभे होते. त्यांनी बनियनकडं पाहिलं आणि कुस्ती लावताना जोडीपुढं करतात तसा हात पुढं केला.

"यी," ते म्हणाले. "सलामी घे."

विश्वजित बनियनसकट मातीत उतरला. श्रावण आला तरी ते त्यानं काढलेलं नाही, आणि नाथाजींनी काढ म्हटलेलं नाही.